मेजावरची साक्ष : जर्मन अमलाखालील पॅरिस आणि पिकासोची स्थिरचित्रे

ज्यांनी शालेय वयात चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या असतील, त्यांना वस्तुचित्राचा तास निश्चित आठवत असेल. वर्गाच्या मधोमध एक मेज, त्यावर तांब्या, दोन वांगी, एखादे लिंबू, मागे चुण्या पाडून सोडलेला पडदा आणि भोवती बसलेली मुले एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिलीवर माप घेत आहेत, असे ते दृश्य. चित्रकलेच्या सर्व प्रकारांत हा सर्वांत निरुपद्रवी प्रकार, असा आमचा पुष्कळ वर्षे समज होता. राजेरजवाड्यांच्या व्यक्तिचित्रांतून राज्ये कळतात, लढायांच्या चित्रांतून पराक्रम कळतात; वांग्या-लिंबांकडे इतिहासाच्या वाचकाने कशासाठी पाहावे? पाब्लो पिकासो या चित्रकाराने १९४० ते १९४४ या काळात, जर्मन सैन्याच्या अमलाखालील पॅरिसमध्ये राहून जी स्थिरचित्रे रंगविली, ती छापील पुस्तकांतून आमच्या पाहण्यात आली, तेव्हा हा समज डळमळला. त्या चित्रांविषयी काही विचार वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. आम्ही चित्रसमीक्षक नव्हे. त्यामुळे रंगरेषांच्या शास्त्रात फार खोल न शिरता, ही चित्रे कोणत्या काळाची आणि कोणत्या प्रकारची साक्ष देतात, एवढेच येथे पाहू.

प्रथम या चित्रप्रकाराच्या नावाविषयी थोडेसे. डच आणि इंग्रजी भाषांत याला 'निश्चल जीवन' अशा अर्थाचे नाव आहे, तर फ्रेंचमध्ये त्याच चित्राला 'मृत निसर्ग' म्हणतात. एकाच मेजावरच्या वस्तूंना एक भाषा जीवन म्हणते आणि दुसरी मृत्यू म्हणते, ही गोष्ट मोठी सूचक आहे. पिकासोच्या मातृभूमीत, स्पेनमध्ये, 'बोदेगोन' असा आणखी निराळा शब्द आहे. त्याचे मूळ तळघरातील कोठीशी आणि साध्या खानावळीशी जोडलेले आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी सांचेथ कोतान याने काळोख्या खिडकीत दोरीला टांगलेली कोबी आणि फळे रंगविली. १६३३ मध्ये झुर्बारानने लिंबे, संत्री आणि पाण्याचा पेला एखाद्या वेदीवर मांडावा तसा मांडला. पलीकडे कवटी, विझती मेणबत्ती आणि उलटलेला पेला रंगवून ऐहिकाची क्षणभंगुरता दाखविणारी दुसरी परंपराही युरोपात रुजली होती. पिकासोला या दोन्ही परंपरा पूर्ण परिचित होत्या. १८८१ मध्ये मालागा येथे जन्मलेल्या या कलावंताचे वडील स्वतः चित्रकलेचे शिक्षक होते, आणि १९३६ मध्ये स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने त्याला माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाचे मानद संचालकपद दिले होते.

त्याच्या 'गेर्निका' या चित्राची कीर्ती आपल्याकडेही पोहोचलेली आहे. २६ एप्रिल १९३७ रोजी बास्क प्रांतातील गेर्निका या गावावर, फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी बाँबफेक केली. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातील स्पॅनिश दालनासाठी पिकासोने त्या संहाराचे सुमारे पावणेआठ मीटर लांबीचे चित्र काही आठवड्यांत पूर्ण केले. ते चित्र म्हणजे चव्हाट्यावर उभे राहून फोडलेला टाहो होता. त्यानंतर तीनच वर्षांनी ज्यांची विमाने गेर्निकावर गेली होती, त्यांचेच सैन्य पॅरिसच्या रस्त्यांवरून संचलन करू लागले. आणि ज्या ग्राँ-ऑगस्तँ रस्त्यावरील चित्रशाळेत 'गेर्निका' रंगविले गेले, त्याच जागेत बसून हा चित्रकार कवटी, भांडी, सुऱ्या आणि भाज्या रंगवू लागला. त्याचा आवाज बसला होता काय? की चव्हाटा हातातून गेल्यावर बोलण्याची दुसरी जागा त्याला सापडली होती?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी त्याची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९३९ च्या जानेवारीत बार्सिलोना येथे त्याची आई वारली आणि त्याच महिन्यात ते शहर फ्रँकोच्या हाती पडले. सप्टेंबरमध्ये महायुद्धाला तोंड लागताच तो अटलांटिक किनाऱ्यावरील र्वायाँ या गावी गेला. तेथे त्याने सोललेल्या मेंढ्यांची डोकी आणि कवट्या पुन्हा पुन्हा रंगविल्या. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि ऑगस्टअखेर तो पॅरिसला परतला. अमेरिकेत व मेक्सिकोत आश्रयाची निमंत्रणे त्याला होती. ती त्याने स्वीकारली नाहीत.

आणखी एक गोष्ट त्याच्या हयातीत फारशी कोणास ठाऊक नव्हती. ती पोलीस दप्तरांतून पुष्कळ उशिरा बाहेर आली. एप्रिल १९४० मध्ये पिकासोने फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाला होता. १९०४ पासून पॅरिसमध्ये कायम वास्तव्य, जगभर कीर्ती, आणि तरीही सरकारी कागदावर तो संशयित परदेशीच राहिला. फ्रँकोच्या स्पेनमध्ये परतणे शक्य नव्हते. फ्रान्सने आपले म्हटले नव्हते. आणि नव्या जर्मन मालकांच्या लेखी तो 'अधःपतित' कलेचा अध्वर्यू होता. परमुलखात पिढ्यानुपिढ्या घर करून राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना, जिथे आयुष्य गेले ती भूमी आणि कागदावरची भूमी यांतील हे अंतर समजावून सांगण्याची गरज नाही. तुलना अर्थातच येथेच थांबते. आपल्या दारात परके रणगाडे आले नव्हते.

पॅरिसमध्ये ते आले होते. शहरातील घड्याळे एक तास पुढे सरकवून बर्लिनच्या वेळेला जुळविण्यात आली. म्हणजे जेत्यांनी प्रथम काळावर ताबा मिळविला. रात्रीची संचारबंदी आली, खिडक्यांना काळे पडदे आले. सप्टेंबर १९४० पासून शिधापत्रिका सुरू झाल्या. प्रौढ माणसाला दिवसाला ३५० ग्रॅम पाव मिळे. १९४१ च्या वसंतात तोही २७५ ग्रॅमवर आला. मांस, लोणी, साखर, कोळसा, साबण, कातड्याचे जोडे, सर्वांचीच चणचण झाली. एरवी गुरांना घालावयाचे कंद माणसांच्या ताटात आले. पहाटेपासून रांगा लागत आणि रांगेच्या शेवटी दुकानदार रिकामे हात दाखवी. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले तेव्हापासून 'रेशन', 'रांग' आणि 'काळा बाजार' हे शब्द मराठी घरांतही रुळले. ज्येष्ठ वाचकांना त्या दिवसांची स्वतःची किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली आठवण असेल. फरक इतकाच, की पॅरिसच्या कोठीतील धान्य, लोणी आणि मद्य आगगाड्या भरभरून जेत्यांच्या देशात जात होते, आणि ते जाताना लोकांना दिसत होते.

अशा वेळी अन्न ही केवळ गरज राहत नाही. ते मनाला ग्रासून टाकणारे ध्यान बनते. जानेवारी १९४१ च्या कडाक्याच्या थंडीत पिकासोने चार दिवसांत एक विक्षिप्त नाटक लिहिले. त्याची पात्रे पाहिली तरी त्या हिवाळ्याची कल्पना येते. त्यांत एक आहे कांदा, एक आहे गोड वडी भरलेली पेस्ट्री, आणि दोन आहेत चिंता : एक रोड, एक लठ्ठ. भूक, गारठा आणि प्रेम यांखेरीज त्या नाटकात दुसरा विषय नाही. १९ मार्च १९४४ रोजी लेखक मिशेल लेरिस यांच्या घरी मित्रमंडळींनी त्याचे वाचन केले. दिग्दर्शन आल्बेर काम्यू यांचे होते आणि वाचणाऱ्यांत सार्त्र व सिमोन द बोव्हुआर होते.

त्या हिवाळ्यानंतर, १० मे १९४१ ही तारीख घातलेले एक चित्र आहे. जर्मनांनी फ्रान्सवर चढाई केली त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. हा योग जाणूनबुजून साधलेला असो वा नसो, तारीख मात्र चित्रावर आहे. स्वयंपाकघरातील एक अरुंद मेज. त्यावर रक्त भरून केलेल्या सॉसेजचे वेटोळे, कागदात अर्धवट गुंडाळलेले चीज, आर्टिचोक नावाची काटेरी कळ्यांसारखी दिसणारी भाजी, मद्याची बाटली आणि एक लांब धारदार सुरी. वरून दिवा लोंबतो आहे. त्याचा उजेड पडतो, पण ऊब पडत नाही. सारे चित्र राखाडी, तपकिरी, तुरुंगाच्या भिंतीच्या रंगाचे. आणि मेजाचा खण उघडा आहे; त्यातून सुऱ्या आणि काटे पाती वर करून बाहेर डोकावत आहेत. हे काटे-सुऱ्या म्हणजे यातनालोकातून वर येऊ पाहणारे आत्मे आहेत, अशा अर्थाचे उद्गार चित्रकाराने पुढे काढल्याचे नमूद आहे. ते ठाऊक नसतानाही पाहणाऱ्याला अस्वस्थ वाटतेच. सॉसेजचे वेटोळे पोटातून बाहेर पडलेल्या आतड्यासारखे दिसते, आणि ज्या घरात अन्न नाही त्या घरात एवढी हत्यारे कशासाठी, असा प्रश्न मनात उभा राहतो. चित्रात सैनिक नाही, ध्वज नाही, प्रेत नाही. तरीही हे युद्धाचे चित्र आहे हे कळण्यास फार विचार करावा लागत नाही.

दुसरे चित्र ५ एप्रिल १९४२ चे. ते आता जर्मनीतच, ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात आहे. २७ मार्च १९४२ रोजी पिकासोचा जुना मित्र आणि सहकारी, लोखंडातून शिल्प घडविणारा हुलिओ गोन्झालेस, पॅरिसजवळ वारला. स्पेनमधून आलेल्या आणि स्पेनला परत न जाऊ शकलेल्या माणसांपैकीच तो एक. अंत्यविधीला जाऊन आल्यावर थोड्याच दिवसांत पिकासोने बंद खिडकीसमोर, मेजावर ठेवलेली बैलाची कवटी रंगविली. खिडकीबाहेर काळोख आहे आणि तावदानांच्या चौकटीचा क्रूस कवटीच्या मागे उभा आहे. घरातले एक माणूस गेल्यावर त्या खोलीत जी शांतता बसून राहते, ती या चित्रात आहे. दुःखाला त्याने अश्रूंचे रूप दिले नाही, एका वस्तूचे दिले.

त्याच सुमारास त्याने सायकलचे जुने आसन आणि हँडल जोडून बैलाचे मस्तक बनविले. पेट्रोलअभावी पॅरिस तेव्हा सायकलवर चालत होते, त्यामुळे भंगारातही सायकलच हाती यावी हे साहजिक होते. या आणि अन्य शिल्पांचे त्याने ब्राँझमध्ये ओतकामही करून घेतले. ऑक्टोबर १९४१ च्या कायद्याने शहरातील पुतळे उतरवून धातूसाठी वितळविले जात होते. जे ब्राँझ तोफांच्या कारखान्यांकडे जायचे, त्यातील थोडेसे मित्रांच्या मदतीने चोरून उलट दिशेने आले आणि त्यातून एक मानवी कवटी घडली. हिशेबाने पाहता ही गोष्ट नगण्य. पण पुतळ्यांचे युद्धसाहित्य होण्याच्या काळात कोणी धातूचा पुन्हा पुतळा करतो, यात एक मूक हट्ट आहे.

येथे एका प्रसिद्ध आख्यायिकेचा उल्लेख करावयास हवा. एका जर्मन अधिकाऱ्याने 'गेर्निका'चे छायाचित्र पाहून हे तुम्हीच केलेत का, असे विचारले आणि पिकासोने, नाही, तुम्ही केलेत, असे उत्तर दिले, ही ती गोष्ट. ती नाना रूपांनी सांगितली जाते, आणि म्हणूनच इतिहासाच्या वाचकाने ती जपून घ्यावी. अशा बाणेदार उत्तरांची आपल्याला हौस असते. पराभूत काळाला एक तरी सणसणीत वाक्य हवे असते. परंतु त्या चार वर्षांचे वास्तव अशा वाक्यांनी भरलेले नव्हते. पिकासोला जाहीर प्रदर्शन भरविण्यास मनाई होती. जून १९४२ मध्ये व्लामँक या ज्येष्ठ चित्रकाराने वृत्तपत्रातून त्याच्यावर जहरी टीका केली. हेच व्लामँक आणि देराँ हे नोव्हेंबर १९४१ मध्ये जेत्यांच्या निमंत्रणावरून जर्मनीचा दौरा करून आले होते. पिकासो गेला नाही. मात्र त्याच्या चित्रशाळेत काही सुसंस्कृत जर्मन येऊन गेले. लेखक एर्न्स्ट युंगर याने जुलै १९४२ मधील आपली भेट दैनंदिनीत लिहून ठेवली आहे.

म्हणजे पिकासोला वीर म्हणावे काय? भूमिगत चळवळीत त्याने शस्त्र उचलले नाही. इतरांपेक्षा त्याचे दिवस बरे गेले. त्याच्याजवळ पैसा होता, कीर्ती होती आणि ओळखी होत्या. घराजवळच्या 'ल कातालाँ' या खानावळीत मांसबंदीच्या दिवशी मांस खाल्ल्यावरून तोही अडचणीत आला होता, असे छायाचित्रकार ब्रासाई यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. त्याच्या तरुणपणीचा जिवलग मित्र, कवी माक्स जाकोब, ज्यू वंशात जन्मल्यामुळे पकडला गेला आणि ५ मार्च १९४४ रोजी द्रान्सीच्या छावणीत मरण पावला. त्याच्यासाठी पिकासोने पुरेसे केले का, हा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला आणि तो विचारला जाणे योग्यच आहे. चित्रांच्या थोरवीने असे प्रश्न पुसले जात नाहीत. उलट, ज्याने स्वतःच्या मेजापलीकडे फारसे पाऊल टाकले नाही, त्याच्या मेजाची साक्ष तरी खरी आहे का, हे अधिक कसोशीने तपासावे लागते.

आमच्या मते ती खरी आहे, आणि खरी असण्याचे कारण तिच्या मर्यादेतच आहे. मुक्ततेनंतर एका अमेरिकी वार्ताहराशी बोलताना पिकासोने म्हटले होते, की विषय शोधत फिरणाऱ्या छायाचित्रकाराप्रमाणे आपण युद्ध रंगविले नाही, पण ते आपल्या चित्रांत आहे याबद्दल आपल्याला शंका नाही. रणांगण त्याने पाहिले नव्हते, म्हणून ते रंगविले नाही. त्याने पाहिले ते रिकामे भांडे, उघडा खण, काळ्या पडद्याची खिडकी. आणि लक्षावधी पॅरिसवासीयांनीही प्रत्यक्षात हेच पाहिले होते. परकी सत्ता घोषणापत्रांतून जितकी कळते तितकीच, किंबहुना अधिक, ती कोठीत कळते : आज काय शिजवायचे या प्रश्नात, आणि दारावर पडलेल्या थापेनंतर हातातच थबकलेल्या पळीत.

ऑगस्ट १९४४ च्या पहिल्या पंधरवड्यातील चित्रांचा एक संच या दृष्टीने आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. दोस्त सैन्य नॉर्मंडीतून पुढे सरकत होते. शहर श्वास रोधून बसले होते. पिकासोची मुलगी माया आणि तिची आई मारी-तेरेझ वाल्तेर यांच्या घरी, खिडकीत, कुंडीत लावलेले टोमॅटोचे रोप होते. टंचाईच्या दिवसांत अनेक पॅरिसकरांनी सज्जात, खिडकीत असे काही ना काही लावले होते. पिकासोने ते रोप एकामागून एक अशा अनेक चित्रांत रंगविले. फळांच्या भाराने फांद्या वाकल्या आहेत. काही टोमॅटो हिरवे, काही पिवळसर, काही लालबुंद झालेले. कोपरा न् कोपरा करड्या रंगात बुडालेल्या चार वर्षांनंतर आलेला हा लाल रंग. १९ ऑगस्टला शहरात उठाव झाला आणि २५ ऑगस्टला पॅरिस मुक्त झाले. चित्रांत यातले काहीच नाही. पण फळ पिकत आले आहे, एवढे आहे.

मुक्ततेनंतरची कथाही सरळ नाही. ऑक्टोबर १९४४ मधील शरद-प्रदर्शनात त्याची ७४ चित्रे आणि ५ शिल्पे मांडली गेली, आणि त्याच सुमारास तो कम्युनिस्ट पक्षात दाखल झाल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. काही प्रेक्षकांनी दालनात दंगा करून चित्रे भिंतीवरून उतरविली. १६ फेब्रुवारी १९४५ च्या एका चित्रात एक सुरई, एक जळती मेणबत्ती आणि एनॅमलचे एक निळे पातेले शेजारी शेजारी उभी आहेत. मेणबत्तीची ज्योत सरळ आहे, जणू तीन माणसे दीर्घ आजारातून उठून प्रथमच एकत्र बसली आहेत. त्याच वर्षी छळछावण्यांची छायाचित्रे जगापुढे येत असताना त्याने 'शवागार' या मोठ्या चित्राचे काम चालू ठेवले. मेजाखाली बांधलेल्या हातांच्या एका कुटुंबाची प्रेते एकमेकांवर पडली आहेत. आणि वर, मेजावर, सुरई आणि पातेले पुन्हा तेच. 'गेर्निका'चा टाहो आणि स्वयंपाकघरातील मौन येथे एका चौकटीत आले. ते चित्र त्याने अपूर्ण वाटावे असेच सोडले.

म्हणून आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ : आवाज बसला नव्हता, तो उंबरठ्याच्या आत आला होता. आणि त्यातून इतिहासाच्या वाचकाने घ्यावयाचा धडा आपल्या घरांपर्यंतही येतो. आपली कुटुंबे आपल्या पूर्वजांची आठवण ठेवतात ती बहुधा सनदा, वंशावळी आणि दरबारातील मानपानाच्या रूपाने. ते जपलेच पाहिजे. पण माळ्यावर पडलेला जाते, कल्हई उडालेले पातेले, एखाद्या डब्याच्या तळाशी राहिलेली जुनी शिधापत्रिका, यांच्याजवळही त्या पिढ्यांची साक्ष आहे. आणि ती बहुतांशी घरातील स्त्रियांची साक्ष आहे, जिची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती भांडी मोडीत घालण्यापूर्वी घरातील वृद्धांजवळ बसून, हे कधी घेतले, यात काय शिजले, आणि केव्हा काहीच शिजले नाही, एवढे तरी लिहून ठेवावे.